आर्मस्ट्राँगचे हसू आणि आपला न्यायनिवाडा

मराठी दलित साहित्याचे अमेरिकेतील काळ्या लोकांच्या साहित्याशी असलेले नाते हा आपल्याकडे बराच चर्चिला गेलेला विषय आहे. अमेरिकेत शिकून आलेल्या म. ना. वानखेडे यांनी त्या साहित्याकडे बोट दाखविले, जनार्दन वाघमारे यांनी त्यावर ग्रंथ लिहिला, आणि १९७२ साली पँथरने तर नावच तिकडून आणले. रिचर्ड राइट, बाल्डविन, एलिसन ही नावे आमच्या चर्चासत्रांतून इतक्या वेळा उच्चारली गेली आहेत की ती वाचलेली नसली तरी वाचल्यासारखी वाटतात. (त्या काळी आपण 'निग्रो' हा शब्द सर्रास लिहीत होतो. तो आता तिकडे कोणी स्वतःसाठी वापरीत नाही, म्हणून मीही वापरीत नाही.) पण या साऱ्या देवघेवीत एक गोष्ट आपण घेतली नाही. ती म्हणजे त्या लोकांचे संगीत. त्यांची कविता आली, आत्मकथने आली, घोषणा आल्या. ज्या वाद्यातून त्यांनी सगळ्या जगाला आपले ऐकायला लावले ते वाद्य मात्र आमच्या समीक्षेच्या दाराशी कोणी आणले नाही.

हे आठवण्याचे निमित्त म्हणजे साशा जेंकिन्स या काळ्या दिग्दर्शकाचा 'लुई आर्मस्ट्राँग्ज ब्लॅक अँड ब्लूज' हा माहितीपट. २०२२ च्या सप्टेंबरात तो टोरांटोच्या महोत्सवात दाखविला गेला आणि ऑक्टोबरात अ‍ॅपलच्या वाहिनीवर आला. जेंकिन्स २०२५ साली वारला. एका मित्राने घेतलेल्या वर्गणीवर, त्याच्याच खोलीत, त्याच्याच लॅपटॉपवर मी हा माहितीपट दोनदा पाहिला. पहिल्या वेळी उच्चार निम्मे कळले नाहीत. दुसऱ्या वेळी खाली उमटणाऱ्या अक्षरांचा आधार घेतला. इंग्रजी विषयाचा प्राध्यापक असून हे लिहिताना थोडी लाज वाटते, पण खोटे कशाला सांगू?

आर्मस्ट्राँगचा जन्म १९०१ सालचा, न्यू ऑर्लिन्स शहरातल्या अत्यंत दरिद्री वस्तीतला. आजी गुलामगिरीत जन्मलेली. बाप सोडून गेलेला. नववर्षाच्या रात्री पिस्तूल उडविले म्हणून पोराला पोलिसांनी धरले आणि काळ्या अनाथ मुलांच्या सुधारगृहात टाकले. तेथल्या बँडमध्ये त्याच्या हाती कॉर्नेट आली. १९२२ साली किंग ऑलिव्हरने त्याला शिकागोला बोलावून घेतले. १९२५ ते १९२८ या तीन-चार वर्षांत पाच-सात साथीदार घेऊन त्याने ज्या तबकड्या भरल्या त्यांनी जॅझ संगीताची घडणच बदलून टाकली. तोवर जॅझ हा घोळक्याने वाजवण्याचा प्रकार होता. त्यातून एकट्या वादकाने पुढे येऊन आपले म्हणणे मांडावे, आणि मागच्यांनी ते तोलून धरावे, ही रीत त्याने रूढ केली. पुढे तो गायक झाला, सिनेमात गेला, जगभर फिरला, अमेरिकेतला सर्वांत ओळखीचा काळा चेहरा झाला आणि १९७१ साली न्यूयॉर्कमधल्या क्वीन्स भागातील आपल्या घरी वारला. त्या चेहऱ्यावर कायम एक हसू असे. सगळे दात दाखविणारे, डोळे गरगर फिरविणारे, कपाळावरचा घाम पांढऱ्या रुमालाने टिपणारे हसू.

माहितीपटाचा खरा विषय हे हसू आहे.

१९५० नंतरच्या काळ्या तरुणांना हे हसू सोसवेना. त्यांनी त्याला 'अंकल टॉम' ठरविले. गोऱ्यापुढे वाकणारा, गोऱ्याला रिझविणारा, गोऱ्याच्या मनातला 'चांगला काळा'. आपल्याकडे १९८२ साली कांशीरामांनी 'चमचा' हा शब्द ज्या अर्थाने रूढ केला त्याच्या जवळचा हा शब्द आहे. (जाता जाता सांगतो, हॅरिएट बीचर स्टो यांच्या १८५२ च्या कादंबरीतला टॉम पळून गेलेल्या दोन गुलाम स्त्रियांचा पत्ता सांगत नाही आणि त्यापायी मार खाऊन मरतो. शिवी झालेली पात्रे कोणी मुळातून वाचीत नाही.) डिझी गिलेस्पीसारख्या मोठ्या ट्रंपेटवादकानेही आर्मस्ट्राँगवर मळ्यावरच्या गुलामाचा ठपका ठेवला. १९४९ साली न्यू ऑर्लिन्सच्या कार्निव्हलमध्ये तो 'झुलूंचा राजा' झाला. तोंडाला काळे फासून, डोळ्यांभोवती पांढरे ओढून. ती प्रथा त्या शहरातल्या काळ्यांचीच होती आणि लहानपणापासून तो मान मिळावा असे त्याचे स्वप्न होते, हे खरे. पण उत्तरेकडच्या शिकलेल्या काळ्या माणसाने ते छायाचित्र पाहिले तेव्हा त्याला शरमेने मान खाली घालावीशी वाटली, हेही तितकेच खरे आहे.

ती शरम मला समजते, कारण मी ती भोगली आहे. माझा बाप बँडवाला. लग्नसराईत सुपाऱ्या घ्यायच्या आणि एरवी शेतमजुरी करायची असा त्याचा धंदा. बँडमध्ये तो ट्रंपेट वाजवी. आमच्या भागात बँड म्हटला की आमचीच जात. मी सातवी-आठवीत असताना सुट्टीत एकदा झांजा घेऊन त्याच्याबरोबर गेलो होतो. वरात मारुतीच्या देवळापाशी आली. नवरदेवाच्या कोणा चुलत्याने दहाची नोट हवेत धरली. बाप वाजवीत पुढे झाला की तो नोट आणखी वर न्यायचा. पोरे टाळ्या पिटत होती. बाप वाजवीत होता, टाचा उंचावीत होता आणि हसत होता. नोट शेवटी मिळाली. आम्हांला जेवायला सगळ्यात शेवटच्या पंगतीला, मांडवाबाहेर बसविले, त्याचे मला काही वाटले नाही, कारण त्याची सवय होती. त्या हसण्याचे वाटले. पुढे एम. ए. ला गेलो, पुस्तके वाचली, शब्द मिळाले. तेव्हा एका दिवाळीत मी ते शब्द बापावर फेकले. लाचारी, सांस्कृतिक गुलामगिरी वगैरे. त्याने ऐकून घेतले. मग विचारले, "तुला कालेजात कुनाम्होरं हसावं लागत न्हाई का?"

मी तेव्हा शिकत होतो, नोकरीला लागलो नव्हतो. प्रश्न मला गैरलागू वाटला.

जेंकिन्सच्या माहितीपटाचे सामर्थ्य हे की आर्मस्ट्राँगविषयी इतरांनी काय म्हटले याच्या आधी तो आर्मस्ट्राँगला बोलू देतो. १९४३ साली बायको लुसीलने क्वीन्समधल्या कोरोना वस्तीत घर घेतले. तेथे आर्मस्ट्राँगची एक अभ्यासिका होती आणि तीत ध्वनिमुद्रणयंत्रे. अनेक वर्षे हा माणूस स्वतःचे बोलणे ध्वनिमुद्रित करीत होता. मित्रांशी गप्पा, बायकोशी भांडण, चावट विनोद, रंगपटातल्या कटकटी, जुन्या आठवणी. अशा शेकडो फिती त्याने भरल्या, त्यांना क्रमांक दिले, आणि खोक्यांवर वर्तमानपत्रांतली कात्रणे चिकटवून चित्रे केली. प्रवासात टंकलेखनयंत्र बरोबर असे. पत्रांचा तर पाऊस. ज्याचे शालेय शिक्षण लहानपणीच सुटले त्या माणसाने स्वतःचे दफ्तर स्वतः रचले. इतिहासकार आपली नोंद घेतील यावर त्याचा भरवसा नसावा.

या फितींतला आवाज रंगमंचावरचा नाही. घोगरा तोच, पण त्यात शिव्या आहेत, राग आहे, थकवा आहे. एका फितीत तो सांगतो की एक गोरा चाहता आला, हात हातात घेतला आणि म्हणाला, मला काळे लोक आवडत नाहीत. त्याच्या या प्रामाणिकपणाची आर्मस्ट्राँग अर्वाच्य भाषेत तारीफ करतो. त्यावर तो गोरा पुढे सांगतो की तरीही तुझ्यावर मात्र मी फिदा आहे. गोष्ट सांगताना आर्मस्ट्राँग हसतो. ते हसणे आपण सिनेमातून पाहिलेले नाही. पत्रांचे व लेखांचे वाचन नॅस या रॅप-गायकाकडून करून घेतले आहे, आणि खोक्यांवरच्या चित्रांची पद्धत दिग्दर्शकाने पडद्यावरही वापरली आहे. काही ठिकाणी ही कात्रणबाजी डोळ्यांना फार होते, पण ती उसनी नाही.

यातला सर्वांत मोलाचा प्रसंग नट ओसी डेव्हिसने सांगितलेला आहे. 'अ मॅन कॉल्ड अ‍ॅडम' या १९६६ सालच्या चित्रपटाच्या वेळी दोघे एकत्र होते. डेव्हिसही आर्मस्ट्राँगची टवाळी करणाऱ्यांपैकी. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत चित्रीकरणाच्या जागी कोणी नव्हते. आर्मस्ट्राँग एकटा बसला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर डेव्हिसने कधी पाहिले नव्हते असे दुःख होते. डेव्हिस परत फिरणार तोच आर्मस्ट्राँगला चाहूल लागली, आणि क्षणात ते सगळे दात दाखविणारे हसू चेहऱ्यावर आले. डेव्हिस म्हणतो की त्या दिवशी त्याला आपला बाप, आपले चुलते दिसले. तो चेहरा त्यांचाही होता. मी येथे माहितीपट थांबविला. मित्राने विचारले काय झाले. मी म्हणालो, काही नाही, पाणी पितो.

ट्रंपेटवादक विंटन मार्सालिसची साक्ष वेगळ्या प्रकारची आहे. न्यू ऑर्लिन्समध्ये वाढलेल्या या मुलाला आर्मस्ट्राँगच्या त्या चाळ्यांचा तिटकारा होता. मग बापाने आर्मस्ट्राँगच्या एका वादनाची फीत दिली आणि सांगितले, हे वाजवून बघ. पोराला ते वाजवता येईना. दमच पुरेना. माणसाला न्यायासनासमोर उभे करण्याआधी त्याचे काम आपल्याला जमते का हे पाहावे, हा निकष मला आवडला. आपल्याकडच्या किती समीक्षकांना हलगीचा एक हात वाजवता येतो?

येथवर मी माहितीपटाच्या बाजूने आहे. पुढे माझा मतभेद सुरू होतो.

माहितीपटात आरोप आहे, साक्षी आहेत, आणि मग निर्दोषत्वाचा पुरावाही आहे. तो पुरावा म्हणजे १९५७ सालचे लिटल रॉक. आर्कान्सा राज्यातल्या त्या शहरात नऊ काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत प्रवेश मिळू नये म्हणून गव्हर्नर फॉबसने सैनिक उभे केले. त्या सप्टेंबरात आर्मस्ट्राँग नॉर्थ डकोटातील ग्रँड फोर्क्स येथे कार्यक्रमासाठी गेला होता. तेथे एक तरुण वार्ताहर त्याच्या खोलीवर गेला. आर्मस्ट्राँग त्याच्यापुढे भडकला. दक्षिणेत माझ्या लोकांना ज्या रीतीने वागवितात ते पाहता सरकारने खुशाल खड्ड्यात जावे, राष्ट्राध्यक्षांत हिंमत नाही, आणि सरकारतर्फे रशियाचा दौरा मी करणार नाही, या अर्थाचे तो बोलला. वार्ताहराने मजकूर त्याला दाखविला तेव्हा त्याने एक शब्द मागे घेतला नाही, उलट खाली पसंतीची सही केली. देशभर गदारोळ झाला. कार्यक्रमांवर बहिष्काराची भाषा सुरू झाली. सॅमी डेव्हिस ज्युनियरसारख्या काळ्या कलावंतानेही पाठीशी उभे राहण्याऐवजी, हाच माणूस वेगवेगळ्या बसविलेल्या श्रोत्यांपुढे वाजवीत आला आहे, याची आठवण करून दिली. आठवडाभरात आयझेनहॉवरने केंद्राचे सैन्य पाठविले.

हे सर्व घडले आणि ते मोठे होते. पण माहितीपट ज्या जागी ते आणून ठेवतो त्यामुळे असा समज होतो की या एका उद्रेकाने पन्नास वर्षांच्या हसण्याची भरपाई झाली. पाहा, तो टॉम नव्हता, त्यालाही राग येत असे! म्हणजे निकष तोच राहिला. काळा माणूस स्वाभिमानी आहे हे सिद्ध करायला त्याने कॅमेऱ्यापुढे किंवा वार्ताहरापुढे एकदा तरी संतापले पाहिजे. ज्याला ती संधी मिळाली नाही, ज्याच्या खोलीवर कोणी वार्ताहर आला नाही, त्याने काय करायचे? असा दाखला मागण्याची सवय आपल्या समीक्षेलाही आहे. नकार आणि विद्रोह हे शब्द आपण योग्य कारणासाठी आणले, पण पुढे त्यांची तपासनाकी झाली. कवितेत शिवी आहे का? असेल तर पुढे जा. नसेल तर बाजूला उभे राहा.

आर्मस्ट्राँगचा राग शोधायला १९५७ पर्यंत थांबावे लागत नाही. १९३१ साली तो नावारूपाला येऊन आपल्या गावी परतला. रेडिओवरून कार्यक्रम जाणार होता. गोऱ्या निवेदकाने काळ्या माणसाची ओळख करून द्यायला ऐनवेळी नकार दिला. आर्मस्ट्राँगने बँडला एक सूर धरायला लावला आणि स्वतःची ओळख स्वतः करून दिली. त्याच वर्षी मेंफिसमध्ये गाडीत एक गोरी बाई (व्यवस्थापकाची बायको) बँडमधल्या काळ्यांबरोबर बसली म्हणून पोलिसांनी साऱ्या बँडला कोठडीत घातले. सुटल्यावर रेडिओवरच्या कार्यक्रमात त्याने, तू मेलास की मला आनंद होईल, अशा अर्थाचे एक गमतीचे गाणे मेंफिसच्या पोलिसांना अर्पण केले, आणि ते हसत हसत केले. पोलिसांना तो आपला सन्मान वाटला असे सांगतात. १९५६ साली लुइझियाना राज्याने काळ्या-गोऱ्यांनी एकत्र वाजविण्यावर बंदी घातली. आर्मस्ट्राँगच्या बँडमध्ये दोन्ही रंगांचे वादक होते. १९६५ पर्यंत त्याने जन्मगावी पाऊल टाकून वाजविले नाही. नऊ वर्षे. या नऊ वर्षांच्या मौनाला मी लिटल रॉकच्या उद्रेकाइतकेच वजन देईन.

आणि मुख्य म्हणजे वाद्य. माहितीपटाचे नाव ज्यावरून घेतले ते 'ब्लॅक अँड ब्ल्यू' हे गाणेच पाहा. फॅट्स वॉलर, हॅरी ब्रुक्स आणि अँडी राझाफ यांनी १९२९ साली 'हॉट चॉकलेट्स' या संगीतिकेसाठी ते रचले. मुळात ती एका गडद रंगाच्या स्त्रीची तक्रार होती. उजळ रंगाच्या काळ्या बायकांनी आपले पुरुष पळविले, ही. आर्मस्ट्राँगने त्याच वर्षी तबकडी भरताना सुरुवातीचा तो बायकी भांडणाचा भाग गाळला. उरले ते साऱ्या वंशाचे गाऱ्हाणे. एवढीशी काटछाट, पण ती कोणत्याही संपादकाला अभिमान वाटावा अशी आहे. एलिसनच्या 'इन्व्हिजिबल मॅन' या १९५२ च्या कादंबरीचा नायक तळघरात बसून हेच गाणे ऐकतो. १९५६ साली आफ्रिकेत, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर असलेल्या गोल्ड कोस्टमध्ये, एन्क्रुमा समोर बसले असताना आर्मस्ट्राँगने हेच गाणे निवडले. ही निवड करणाऱ्याला कोणी राजकारण शिकविण्याची गरज नव्हती.

त्याच्याही आधीची १९२८ सालची 'वेस्ट एंड ब्लूज' ही तबकडी. साथीशिवाय, तालाशिवाय, एकटी ट्रंपेट सुरू होते. चार सूर ठामपणे मांडते, मग वर चढते, वळते आणि पायऱ्या उतरावी तशी खाली येते. सगळे मिळून पंधरा सेकंदांच्या आतबाहेर. वाजविणारा सव्वीस वर्षांचा. त्या वर्षी दक्षिणेत काळ्या माणसाला गोऱ्यासमोर फुटपाथवरून उतरावे लागत होते, आणि येथे हा कोणाचीही परवानगी न घेता, कोणाचीही साथ न मागता सुरुवात करतो. यात हसू कोठे आहे? माहितीपटाने या तबकड्यांजवळ जास्त वेळ थांबायला हवे होते. तो आर्मस्ट्राँगचे बोलणे ऐकतो तितक्या एकाग्रतेने त्याचे वाजविणे ऐकत नाही. दोन तासांच्या आत सगळे आयुष्य बसवायचे म्हटल्यावर असे होत असेल, पण संगीतकाराच्या चरित्रात हा दोष लहान म्हणता येत नाही.

दुसरी तक्रार पैशाची. १९३५ पासून जो ग्लेझर हा शिकागोच्या गुंडजगताशी संबंध असलेला गोरा व्यवस्थापक आर्मस्ट्राँगचा सगळा व्यवहार पाहू लागला. कार्यक्रम, करार, वसुली, कर. आर्मस्ट्राँगने फक्त वाजवायचे. वर्षाचे तीनशेच्या आसपास दिवस रस्त्यावर. ग्लेझर १९६९ साली मेला तोवर हे चालले. माहितीपट हा विषय काढतो, पण दोघांच्या जिव्हाळ्याच्या बाजूला जास्त झुकतो. दक्षिणेत गोरा माणूस पाठीशी असल्याशिवाय काळ्या कलावंताचा जीव सुरक्षित नव्हता, हे मान्य. परंतु ते हसू विकले जात होते, त्याचा बाजार होता, आणि बाजारभाव ठरविणारा कोणी दुसरा होता. हसणाऱ्याची नीती तपासण्यात आपण जेवढी शाई खर्च केली, त्याच्या दहावा हिस्सा हा हिशेब मांडण्यात केली असती तर अधिक उजेड पडला असता. १९६० साली अमेरिकन सरकारने त्याला काँगोला पाठविले, आणि त्याच वेळी पडद्याआड लुमुम्बांविरुद्ध कट शिजत होता. योहान ग्रिमोनप्रे यांचा 'साउंडट्रॅक टू अ कू देता' हा २०२४ चा माहितीपट त्या बाजारावर नेमके बोट ठेवतो. तोही पाहावा.

आर्मस्ट्राँगला देव करण्याची मला गरज नाही. १९६९ साली रुग्णालयात पडल्या पडल्या त्याने लहानपणी आपल्याला आधार देणाऱ्या ज्यू कुटुंबाविषयी एक दीर्घ टिपण लिहिले. त्यात कृतज्ञता ओथंबून वाहते, पण स्वतःच्या लोकांविषयी, त्यांच्यातल्या बेकीविषयी, कडवट आणि काही ठिकाणी अन्यायकारक लेखन आहे. ते वाचताना त्रास होतो. आपल्याकडचे म्हातारेही असे बोलतात. शिकलेल्या पोरांनी हेटाळलेला माणूस म्हातारपणी जातीवर डूख धरतो, याचे नवल वाटायला नको. गिलेस्पीने मात्र आपले मत बदलले. १९७९ च्या आत्मचरित्रात त्याने कबूल केले की वंशद्वेषाला आपल्या आयुष्यातला आनंद हिरावून घेऊ द्यायचा नाही, असा आर्मस्ट्राँगचा निश्चय होता आणि आपण त्याला चुकीचे वाचले. दोघे कोरोनातच, जवळजवळ राहत होते.

संगीत आपण का घेतले नाही, या प्रश्नाकडे परत येतो. आपल्याकडे वाजविणे हे गावकीचे काम होते. जातीने लादलेले. बाबासाहेबांच्या चळवळीने मेलेली ढोरे ओढणे सोडायला लावले, येसकरकी सोडायला लावली, त्याबरोबर कित्येक गावांनी वाजंत्रीही सोडली. ते योग्यच झाले. आंबेडकरी जलसे उभे राहिले, अण्णा भाऊ, वामनदादा कर्डक उभे राहिले, तेव्हा गाणे आपण नव्याने मिळविले, हेही खरे. मात्र सुपारीवर वाजविणारा बँडवाला, हलगीवाला, सनईवाला या नव्या सभेत कोठेच बसला नाही. त्याचा शब्द नव्हता, फक्त सूर होता, आणि आमची समीक्षा शब्दांची. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आणि हिंदी सिनेमात ट्रंपेट वाजविणारा गोव्याचा आंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट याला लोक 'हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग' म्हणत. १९५१ च्या 'अलबेला'त सी. रामचंद्रांच्या गाण्यांमागे त्याचा हात आहे, भगवानदादांच्या नाचामागे त्याचा श्वास आहे. माझा बाप 'अलबेला'तली गाणी वरातीत वाजवी. ती चाल न्यू ऑर्लिन्सहून किती हातांतून आपल्या ओठांशी आली, हे त्याला सांगणारे कोणी नव्हते. मलाही ते पस्तिशीत कळले.

मी गेली आठ वर्षे एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवितो. दर जूनमध्ये नेमणूक नव्याने होते. मुलाखतीला संस्थेचे पदाधिकारी बसतात, आणि त्यांतले एक दर वर्षी मला विचारतात की तुम्ही आंबेडकर जयंतीला भाषणे करता ना. मी हो म्हणतो आणि हसतो. ते हसू मी आरशात कधी पाहिलेले नाही. माहितीपटात ओसी डेव्हिसचा प्रसंग आला तेव्हा पाहिले.

गेल्या उन्हाळ्यात गावी गेलो तेव्हा बापाचे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे असे ठरविले. आता तो वाजवीत नाही, दात गेले आहेत, आणि ट्रंपेट माळ्यावर पोत्यात आहे. आमच्या घरी त्याच्या वाजविण्याची एकही फीत नाही. गावातल्या एका लग्नाची जुनी चित्रफीत मिळाली, तीत बँड पाच-सहा सेकंद दिसतो, आवाजाच्या जागी कोणीतरी सिनेमाचे गाणे भरले आहे. मी मोबाइल त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणालो, बोल. तो आधी लाजला. मग कोणत्या गावात कोणी किती बिदागी बुडविली ते नावानिशी सांगू लागला. मग त्या नोटेच्या लग्नावर आला. मला वाटले होते तो ते विसरला असेल. त्या चुलत्याचे नाव, त्याच्या बापाचे नाव, त्या दोघांच्या सात पिढ्यांना घातलेल्या शिव्या, सगळे त्याने एका दमात सांगितले, ट्रंपेटवाल्याच्या दमात. आई आतून ओरडली, हळू बोला, पोरगं मास्तर हाय.

अंगणात कोणाची तरी पावले वाजली. बापाने हातानेच खूण करून मला मोबाइल बंद करायला लावला आणि येणाऱ्याकडे तोंड वळविले.